गाडी वापरण्यावरचा कर न्याय्य आहे का, हे तपासायचं कसं

शहरात गाडी आणायला पैसे भरावे लागणार अशी नुसती चर्चा जरी सुरू झाली ना, की लगेच दोन तट पडतात, एकाला ती लूट वाटते आणि दुसऱ्याला सगळ्यावरचा इलाज. माझं म्हणणं एवढंच की असा कर चांगला की वाईट हे सरसकट ठरतच नाही, प्रस्ताव समोर घेऊन वाचावा लागतो.

पहिल्यांदा बघा कर नक्की कशावर आहे. गाडी विकत घेताना एकदाच भरायचा टॅक्स असेल तर रोजच्या वापरावर त्याचा काही परिणाम होत नाही, उलट एवढे पैसे घातलेत तर काढूया गाडी असंच होतं. पेट्रोल-डिझेलवरचा कर वापराप्रमाणे वाढतो खरा, पण मोकळ्या रस्त्यावर चालवणाऱ्याला आणि ऐन गर्दीत शिरणाऱ्याला लिटरमागे तो सारखाच पडतो, आणि इलेक्ट्रिक गाडीवाला तर त्यातून सुटतोच. गर्दी कमी करायची असेल तर जागा आणि वेळ बघून आकारणी हवी. सिंगापूरने हे १९७५ मध्येच सुरू केलं, सकाळच्या गर्दीच्या वेळी मध्यवर्ती भागात शिरायला परवाना लागायचा आणि गाडीत चार जण असले तर माफी होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पर्याय आधी येणार की नंतर? इथे स्टॉकहोमचा अनुभव नीट समजून घ्या. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये जादा बस सुरू केल्या आणि शहरात गाडी आणण्यावरचा कर प्रयोग म्हणून लागला जानेवारी २००६ मध्ये, त्यामुळे दोन्हीचा परिणाम वेगवेगळा दिसला. नुसत्या बस वाढवून गाड्या फारशा कमी झाल्या नाहीत, कर लागल्यावर मात्र कराच्या भागाची हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी घटल्या, आणि जुलैअखेर प्रयोग थांबवला तर परत वाढल्या! म्हणजे चांगली बस दिली की लोक आपोआप गाडी सोडतील ही आशा पुरत नाही. पण म्हणून बस नंतर बघू म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका, कारण ज्याच्या घराजवळ बसच येत नाही त्याच्यासाठी तो कर नुसता दंड होतो. आणि हो, गाडी सोडणारे सगळेच बस-ट्रेनमध्ये येत नाहीत, काही जण वेळ बदलतात, काही जण दोन कामं एकाच फेरीत उरकतात.

मग गरिबांचं काय, हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, फक्त तो दोन्ही बाजूंनी विचारा. ज्यांच्याकडे गाडीच नाही ते आजही त्याच कोंडीत बसमध्ये अडकून स्वतःचा वेळ घालवून किंमत भरतायत, त्यांचा हिशोब कोणी मांडतच नाही. पण रात्रपाळी करणारा, जाता-येता बस न मिळणारा कमी पगाराचा माणूस सुद्धा आहे, आणि सरसकट रक्कम त्याच्या खिशाला श्रीमंतापेक्षा कितीतरी जास्त जाणवते. म्हणून सवलती शोधा. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी गाडीला ९ डॉलर लावले तेव्हा कमी उत्पन्नवाल्यांना महिन्यातल्या पहिल्या १० फेऱ्यांनंतर निम्मा दर ठेवला. मला विचाराल तर पहिल्या फेरीपासूनच द्यायला हवा होता. अपंगांसाठी काय तरतूद आहे तेही बघा.

पैसा कुठे जाणार हे कायद्यात लिहिलंय का? लंडनमध्ये २००३ ला अशा कराची ५ पौंडांनी सुरुवात झाली तेव्हा निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन होतं. असं बंधन नसलं तर विरोध करायला माझी हरकत नाही.

शेवटचं, आधी ठरावीक मुदतीचा प्रयोग मागा. एडिंबरात २००५ मध्ये आणि मँचेस्टरमध्ये २००८ मध्ये लोकांनी कर अनुभवण्याआधीच मत दिलं आणि दोन्हीकडे मोठ्या फरकाने नकार आला, स्टॉकहोममध्ये आधी प्रयोग झाला आणि मग मतदान, तिथे शहराने हो म्हटलं. सूचना-हरकती मागवतील तेव्हा लेखी द्या की प्रयोगाआधीची आणि नंतरची गाड्यांची, बस प्रवाशांची आणि बसच्या वेगाची आकडेवारी जाहीर करा, आणि ती मोजणी कर गोळा करणाऱ्या खात्याकडे न देता दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.