दुसरी टाकी बसवण्याआधीची तयारी

कॅनिंग स्टॉक रूट ही पश्चिम ऑस्ट्रेलियातली वाळवंटी वाट. तिच्या दक्षिण टोकाचं विलुना गाव सोडलं की वाटेतली कुनावारित्जी ही वस्ती येईपर्यंत पंप नाही. माझ्या ८० सिरीज लँड क्रुझरच्या टाकीत ९५ लिटर डिझेल मावतं आणि मऊ वाळूत गाडी १०० किलोमीटरला २० लिटर सहज पिते. म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरवर टाकी कोरडी, आणि अख्खी वाट सुमारे १,८५० किलोमीटरची. जेरीकॅन काही हवे असतातच, पण खाली पक्की बसवलेली दुसरी टाकी असली की जीव शांत राहतो.

टाकी मागवण्याआधी गाडीखाली जाऊन टेप धरा. दुसरी टाकी बसते स्टेपनीच्या जागी. ती जागा मोठी दिसते, पण मागचा अ‍ॅक्सल पूर्ण वर दाबला गेल्यावर किती उरते तेच माप खरं. सायलेन्सरपासून अंतर हवं, मध्ये उष्णता अडवणारा पत्रा हवा. ७० लिटर डिझेल म्हणजे जवळपास ६० किलो, शिवाय स्टेपनी मागच्या बंपरवर जाणार. सामान आणि माणसं धरून गाडीच्या परवानगीच्या वजनात हे बसतंय का, याचा हिशोब कागदावर मांडा. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी डिझेलला चालत नाही. जस्त त्यात उतरतं आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं. टाकीत आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर चढावर सगळं डिझेल एका बाजूला धावतं.

आता व्हॉल्व्ह, म्हणजे बटण दाबलं की इंजिनाला एका टाकीवरून दुसरीवर नेणारा. इथे घाई करू नका, असं मी हात जोडून सांगतो. डिझेल पंप इंजिनाला लागतं त्याहून जास्त ओढतो आणि उरलेलं रिटर्न लाइनने परत पाठवतो. म्हणून सहा तोंडांचाच व्हॉल्व्ह घ्या, ज्यात जाणारी आणि परतणारी लाइन एकदमच बदलते. माझ्या पहिल्या गाडीत एका वर्कशॉपने फक्त जाणारी लाइन बदलली होती. दुसऱ्या टाकीतून ओढलेलं डिझेल परतत होतं भरलेल्या मुख्य टाकीत. तासाभराने झाकणाखालून धार लागली आणि मागचं चाक भिजलं. तेव्हापासून व्हॉल्व्ह गाडीत चढवण्याआधी मी टेबलावर ठेवतो, बॅटरी जोडतो, बटण दाबतो आणि प्रत्येक तोंडात नळी घालून फुंकतो. कुठली वाट कुठे उघडते ते चिकटपट्टीवर लिहून त्या त्या नळीला लावतो.

बटणाच्या तारेला बॅटरीजवळ फ्यूज, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे तार घासू न देणारी कडी. डिझेलच्या काट्याची तारही त्याच बटणावर घ्या, म्हणजे चालू टाकीचंच माप दिसेल. ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर होऊ देणारी नळी उंच न्या, पाणी ओलांडताना उपयोगी पडते.

कामाच्या दिवशी गाडी उघड्यावर, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, अग्निशामक हाताशी. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग कधीच नको, रिकामी असली तरी नाही.

बसवून झाल्यावर आधी दहाच लिटर भरा, सांध्यांवर कोरडा कागद फिरवा आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग नसेल तर पूर्ण भरा, फुगण्यापुरती जागा सोडून. मग शहराजवळच दोन्ही टाक्या आलटून पालटून चालवा. काटा तळाला टेकण्याआधी बटण दाबायची सवय लावा, आणि डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलीच तर फिल्टरवरचा हातपंप कसा मारायचा ते सोबतच्या माणसालाही दाखवून ठेवा.