खड्डा मे महिन्यातच घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत मी २२ वर्षं माळीकाम केलं. वॉर्डातली पोरं झाड कसं लावायचं अन् जगवायचं ते विचारायला येतात, त्यांना सांगतो तेच लिहितो.

खड्डा मे महिन्यात घेऊन उन्हात तापू द्या. दोन फूट लांब, रुंद अन् खोल. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, म्हणून तिच्यात मुरूम, दोन टोपली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेण घातलं की वाळवी लागलीच. मृगाचा पाऊस नीट पडला की पाच-सहा फुटांचं रोप लावा. वीतभर रोप बकऱ्या ठेवत नाहीत. वर विजेची तार असेल तर आपटा किंवा कांचन, मोकळं आभाळ असेल तर निंब, चिंच.

पुढचे तीन उन्हाळे रोप सांभाळावंच लागतं. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा वरून ओतलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात वात घातलेलं मडकं रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा आणि झाकण ठेवा. टँकर चार दिवसांनी आला तरी ओल टिकते.

रोपाभोवती लावलेली लोखंडी जाळी दर दिवाळीला तपासा. खोड आणि जाळी यांत तीन बोटं जात नसतील तर जाळी काढा. आमच्या बसस्टँडवरच्या निंबाच्या सालीत जाळीची सळई इतकी रुतली होती की ती काढताना मला छन्नी लावावी लागली. बुंध्याभोवतीचं सिमेंटही निदान मीटरभर फोडा; छन्नी बेतानं चालवा, मुळं लगेच खाली असतात.

तोडायच्या गोष्टीला मात्र घाई नको. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानं नगरपरिषदेची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणनाही करायची असते. आपल्या वॉर्डाची यादी मागून घ्या आणि प्रत्येक झाडाजवळ उभं राहून पडताळा.

कित्येक झाडं चुकीच्या छाटणीत मरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका ठेकेदाराच्या माणसांनी चिंचेची मांडीएवढी फांदी वरून एकाच घावात कापली. ती पडताना खोडाची साल हातभर सोलून गेली. त्या जखमेतून कीड शिरली अन् ते झाड वाचलं नाही. आजही तिथून जाताना जीव कळवळतो.

फांदी अशी काढा. आधी घरटं आहे का बघा. खोडापासून फूटभर सोडून खालून करवतीनं एक तृतीयांश कापा. मग तिथून चार बोटं पुढे, फांदीच्या टोकाकडे, वरून कापा, फांदी साल न ओढता सुटून पडेल. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, तिच्या बाहेरून कापा. ती कड झाडाची आहे, तिला हात लावू नका. डांबर किंवा रंग फासू नका. दोन पावसाळ्यांत कडेनं नव्या सालीची वळी आत सरकू लागते. तिच्यावर बोट फिरवून बघा, ओठासारखी मऊ लागते.