गच्चीवर सोलर बसवताय? पॅनेलआधी मीटर बघा आणि या चुका टाळा

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत मेंटेनन्सवरून वाद सुरू झाला की गाडी शेवटी कॉमन लाइट बिलावर येऊन थांबते. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने, आवार आणि आता गाड्यांचं चार्जिंग. बिल चढत जातं, डोक्यावर गच्ची रिकामी पडलेली असते, आणि एक दिवस कोणीतरी ग्रुपवर सोलरचं कोटेशन टाकतं: "बिल शून्य". इथून पुढे ज्या चुका होतात त्यातल्या निम्म्याहून जास्त गच्चीवर होतच नाहीत. त्या तळमजल्याच्या मीटर केबिनमध्ये आणि कमिटीच्या मिटिंगमध्ये होतात.

चूक: कोणत्या मीटरला जोडायचं ते न ठरवता कोटेशन मागवणं

सोलरची वीज हवेतून सगळ्या बिल्डिंगला वाटली जात नाही. ती साधारणपणे एका ग्राहक क्रमांकाला, एका मीटरला जोडली जाते आणि त्याच बिलातून वजा होते. ए विंग, बी विंग आणि आवार यांचे कॉमन मीटर वेगवेगळे असतील, तर ए विंगच्या मीटरला जोडलेल्या सोलरचा बी विंगच्या लिफ्टला काहीही उपयोग नाही. हे कागदावर साधं दिसतं, पण पॅनेल बसल्यावर "आमचं बिल का नाही उतरलं" म्हणत बी विंग सेक्रेटरींच्या दारात उभी राहते तेव्हा उत्तर देणं अवघड जातं. गच्ची ए विंगची मोठी आणि वापर बी विंगचा जास्त, अशी उलटी परिस्थिती तर सर्रास असते.

म्हणून पहिलं काम: सगळ्या कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं एका कागदावर उतरवा. महिना, युनिट, मंजूर भार (म्हणजे कंपनीने त्या मीटरला किती किलोवॉट मान्य केलेत), आणि बिल कोणाच्या नावावर आहे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण जुन्या सोसायट्यांत कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर निघतो आणि अर्ज तिथेच अडतो. सोसायटीच्या नावावर मीटर करून घेण्यात जो वेळ जायचा तो आधीच जाऊ द्या.

दुसरं म्हणजे वीज कोणाची आहे ते पाहा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. उपनगरांत तार एका कंपनीची आणि बिल दुसऱ्या कंपनीचं, अशी घरंही बरीच आहेत. तशा सोसायटीने नेट मीटरिंगचा (म्हणजे घेतलेल्या विजेतून सोलरची दिलेली वीज वजा करून बिल काढण्याचा) अर्ज कुठे करायचा हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं. विक्रेता "सगळं आम्ही बघतो" म्हणतो, ते पॅनेल उतरवण्यापुरतं खरं असतं.

चूक: सरासरी दराने फायदा काढणं

इथे थोडा रेंगाळतो, कारण खरा पैसा इथे आहे. घरगुती दराचे टप्पे असे: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. सोसायटीच्या कॉमन वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांना, घरगुतीच दर लागतो. पण समजा तुमचा कॉमन मीटर महिन्याला १,८०० युनिट ओढतो. त्यातले १,३०० युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडतात. सोलरने जे युनिट कमी होतात ते वरून कमी होतात, खालून नाही. म्हणजे वाचणारं प्रत्येक युनिट त्या बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं, आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा हिशेब केला की फायदा कमी दिसतो आणि कमिटी कचरते.

हेच गणित उलट फिरवा. महिन्याला ८०-९० युनिट वापरणाऱ्या एखाद्या काकूंनी स्वतःच्या फ्लॅटसाठी पॅनेल लावायचं ठरवलं, तर त्यांची वाचणारी वीज सर्वांत स्वस्त टप्प्यातली आहे. त्यांच्या पैशांची वसुली होता होता बराच काळ जाईल. शिवाय गच्ची सामाईक असल्याने सोसायटीची परवानगी लागेल ती वेगळीच. माझं मत स्पष्ट आहे: मुंबईच्या फ्लॅटवाल्याने आधी कॉमन मीटरचा विचार करावा. त्यातून मेंटेनन्स कमी झाला तर तो काकूंच्याही दारापर्यंत पोचतो.

चूक: "बिल शून्य" वर विश्वास ठेवणं

स्थिर आकार राहतोच. रात्री आणि पावसाळ्यात वीज घ्यावी लागतेच. मुंबईत १ किलोवॉट पॅनेलमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास धरा. पण जुलैची आणि एप्रिलची तुलना करू नका. जुलैत आभाळ फाटलेलं असताना आकडा निम्म्यावर येऊ शकतो. १० किलोवॉटला महिन्याला सरासरी १,१०० ते १,२०० युनिट हा समंजस अंदाज आहे. कोणी १,६०० सांगत असेल तर त्याला ते कोटेशनवर सहीनिशी लिहून द्यायला सांगा. बहुतेक वेळा आकडा तिथल्या तिथे उतरतो.

त्याच्या उलट टोकाची चूक म्हणजे जागा आहे म्हणून भरमसाठ पॅनेल लावणं. जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, जाते आणि पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा राहते हे खरं, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटला तुम्ही ज्या दराने वीज विकत घेता तो दर मिळत नाही. शिवाय क्षमता मंजूर भाराशी बांधलेली असते. वर्षाचा वापर भागेल इतकंच बसवा. हे दर आणि जमाखर्चाचे नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात, त्यामुळे हिशेब चालू दर आदेशावर करा, विक्रेत्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या तक्त्यावर नाही. कोटेशनही ताजं घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

आणि सोलरच्या आधी गळती बंद करा. जिन्यात जुन्या ट्यूब, गळका व्हॉल्व्ह म्हणून दिवसातून चारदा चालणारा पंप, रात्रभर जळणारा आवारातला हॅलोजन, हे सगळं तसंच ठेवून वर पॅनेल चढवणं म्हणजे आधी कळस मग पाया. एलईडी, सेन्सर आणि पंपाची दुरुस्ती झाल्यावर लागणारं सोलर लहान होतं. आणखी एक फुकटातली युक्ती: टाकी भरण्याची वेळ पहाटेवरून सकाळी अकरानंतर सरकवता आली तर सोलरची वीज तिथल्या तिथे वापरली जाते. अर्थात पालिकेचं पाणी कधी येतं आणि खालची टाकी किती मोठी आहे, त्यावर ते ठरेल.

चूक: मे महिन्यात सावली तपासणं

ही खास मुंबईची. आपण १९ अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवशी सर्व्हेला आलेला माणूस गच्चीभर हिंडून "कुठेच सावली नाही" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारीसुद्धा सूर्य ४७-४८ अंशांवरच असतो. म्हणजे ८ फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे ७ फुटांपेक्षा जास्त पडते. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर ती दीड-दोन पट लांब. लिफ्टची मशिनरूम, टाक्या, डिश अँटेना, शेजारचा नवा टॉवर, सगळ्यांची हिवाळ्यातली सावली नकाशावर काढून मागा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली की एकाच मालिकेत जोडलेल्या बाकीच्यांनाही फटका बसतो.

शेजारच्या प्लॉटवर पाटी लागली आहे का तेही बघा. पुढच्या तीन वर्षांत तिथे वीस मजले उभे राहणार असतील तर आजची ऊन-सावली काय कामाची?

चूक: स्लॅबला भोकं पाडणं, आणि वारा विसरणं

वॉटरप्रूफिंगवर दोन-तीन लाख घालून वर्ष झालं नाही तोच ड्रिल घेऊन कोणी गच्चीवर चढला तर टॉप फ्लोअरवाले भडकणारच, आणि बरोबर भडकतील. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवता येतो, पण त्या ठोकळ्यांचं वजन स्लॅबला पेलायला हवं. ३० वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. ते ऑडिट करणाऱ्या अभियंत्यालाच सोलरचं वजन विचारा. वेगळा खर्च नको.

वाऱ्याचं म्हणाल, तर भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ जवळून गेलं तेव्हा आपण पत्रे उडताना पाहिलेत. सांगाडा या वेगासाठी डिझाइन केल्याचं प्रमाणपत्र मागा. खारी हवा लक्षात घेऊन गरम जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड किंवा ॲल्युमिनियमच घ्या. नुसता रंग मारलेले अँगल दोन पावसाळ्यांत गंजतात. गच्चीवर आधीच पत्र्याची शेड असेल तर तिची परवानगी आणि तिचे अँगल, दोन्ही तपासल्याशिवाय तिच्यावर काही ठेवू नका. उंच सांगाडा थोडा महाग पडतो, पण खालची जागा मोकळी राहते. कोजागिरीला गच्ची लागतेच.

चूक: रिडेव्हलपमेंट डोळ्यासमोर असताना २५ वर्षांचा करार

काही कंपन्या स्वतःच्या पैशाने पॅनेल लावतात आणि सोसायटीने ठरलेल्या दराने वीज घ्यायची असते. खिशातून काही जात नाही, म्हणून सभासद लगेच हात वर करतात. अशा करारात तीन गोष्टी वाचा: दर दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, वीज कमी तयार झाली तर भरपाई कोण देणार, आणि इमारत पाडायची झाली तर बाहेर पडायला किती मोजावे लागतील. चाळीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये, जिथे दर सहा महिन्यांनी नवा बिल्डर येऊन चहा पिऊन जातो, तिथे तिसरा मुद्दाच पहिला.

सर्वसाधारण सभेचा ठराव करूनच पुढे जा. नाहीतर नवी कमिटी आली की जुन्या कमिटीचं सगळं उकरून काढलं जातं.

अनुदानाबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या छताच्या घराला पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, चार्जिंग धरून, दर किलोवॉटला १८,००० रुपये. विक्रेत्याने ७८,००० चा आकडा सोसायटीच्या कोटेशनमध्ये मिरवला असेल तर त्याला एकतर योजना माहीत नाही किंवा तुम्हाला नाही असं तो समजतो. पॅनेल देशी बनावटीचं आणि विक्रेता नोंदणीकृत असल्याशिवाय अनुदान नाही. रक्कम सोसायटीच्या खात्यात येते, म्हणून "अनुदान आमच्याकडे वळतं करा" ही अट मान्य करू नका.

बसवल्यावर काय बिघडतं?

लाइट गेली की सोलरही बंद. हा बिघाड नाही. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नाही, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) पुरवठा थांबताच स्वतः थांबतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. तशा दिवशी गच्चीवर लख्ख ऊन असलं तरी अशा सोलरमधून एक दिवा लागत नाही. जिन्यातले दिवे आणि गेट चालू ठेवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. अख्खी लिफ्ट बॅटरीवर चालवण्याचा हट्ट मात्र खर्चिक आहे.

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा दाखवतो, "आयसोलेशन" असं काहीतरी लिहून येतं आणि दुपारी आपोआप सुरू होतो? केबलच्या जोडणीत पाणी जातंय. ऊन पडलं की सुकतं, म्हणून तक्रार कोणी करत नाही. करा. जोड स्लॅबवर पाण्यात पडलेले असतात. ते उचलून सांगाड्याला बांधायला हवेत, आणि प्लास्टिकच्या स्वस्त पट्ट्यांनी नाही, त्या उन्हाने तडकतात.

ॲपवर शून्य दिसतंय, पण इन्व्हर्टर चालू आहे: बहुधा ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड कोणीतरी बदललाय.

भर दुपारी, ऐन उन्हात, इन्व्हर्टर वारंवार बंद होत असेल तर लाइनचं व्होल्टेज वाढलेलं असू शकतं. वेळ आणि आकडा लिहून वीज कंपनीला कळवा.

बिल उतरलं नाही तर आधी इन्व्हर्टरवरचे महिन्याचे युनिट बघा, मग बिलावरचे आयात (ग्रिडकडून घेतलेली वीज) आणि निर्यातीचे (ग्रिडला दिलेली वीज) आकडे. समजा १० किलोवॉटचा इन्व्हर्टर १,१०० दाखवतोय आणि बिलावर निर्यातीचा रकानाच नाही, तर नेट मीटर बसला तरी बिलिंगमध्ये नोंदला गेलेला नाही. इन्व्हर्टरच ६०० दाखवत असेल तर वर जा. धूळ, शेजारच्या बांधकामाची सिमेंट-भुकटी आणि कबुतरं. सकाळी पॅनेल थंड असताना मऊ ब्रशने धुवा. बोअरचं खारं पाणी वापरलंत तर पांढरे डाग बसतात. योजनेतल्या विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, पण धुण्याचं काम त्यात धरलंय का ते करारात बघा. वॉचमनला गमबूट आणि पाइप देऊन चार मजल्यांच्या कठड्याजवळ पाठवू नका. कमरपट्टा लावणारा माणूस लावा.

बिलाची तक्रार तोंडी करू नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, आणि तिथेही नाही तर विद्युत लोकपालाकडे. इन्व्हर्टरच्या पडद्याचा दर एक तारखेला काढलेला फोटो तिथे कामी येतो, म्हणून तो सोसायटीच्या फाइलमध्ये असू द्या, मावळत्या सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये नको.