नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये एमटीएचएफआर आलंय? गोळ्या घ्यायच्या आधी हे करा

वर्ष झालं तरी दिवस राहत नाहीत म्हणून टेस्ट केल्या आणि त्यात "एमटीएचएफआर सी६७७टी हेटेरोझायगस" असं काहीतरी छापून आलं की घरात टेन्शन सुरू, जीन्समध्येच खोट निघाली म्हणे, आणि दुसऱ्या दिवसापासून मिथाइलफोलेटच्या (बी९ व्हिटॅमिनचं शरीराला थेट चालणारं रूप) महागड्या गोळ्या. जरा थांबा. आधी कागद नीट वाचा.

एमटीएचएफआर हा एक जीन आहे, तो जे एन्झाइम बनवतो ते जेवणातल्या फोलेटला, म्हणजे बी९ ला, कामाच्या रूपात आणतं, मग ते रूप बी१२ ला सोबत घेऊन रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो ॲसिडचं मेथिओनिन हे दुसरं अमिनो ॲसिड करतं, नवीन डीएनए बनायलाही फोलेट लागतंच, आणि शुक्राणू तर रोज कोट्यवधी बनत असतात. म्हणून संबंध आहे, नाही असं नाही. आता ६७७ च्या जागी काय लिहिलंय बघा. सीसी असेल तर विषय संपला. सीटी म्हणजेच हेटेरोझायगस, जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल, त्यात एन्झाइमचं काम साधारण ६५ टक्के चालतं, आणि टीटी म्हणजे होमोझायगस, दोन्ही प्रतींत बदल, तिथे ते ३० टक्क्यांच्या आसपास येतं. सीटीवाले जगात करोडो आहेत आणि त्यांना मुलंबाळं होतात, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचं काही कारण नाही. ए१२९८सी हा याच जीनमधला दुसरा बदल आपल्याकडे भरपूर सापडतो, तो एकटाच असेल तर होमोसिस्टीन फारसं वाढत नाही. टीटी असेल तर मूल होण्यात अडचण येण्याची रिस्क थोडी जास्त दिसते, खासकरून आशियाई पुरुषांच्या अभ्यासांत, पण टीटी म्हणजे मूल होणार नाही असा अर्थ कोणी लावून दिला तर सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

पहिलं काम, सीमेन ॲनालिसिस म्हणजे वीर्याची तपासणी नीट करून घ्या. आधीच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवून सॅम्पल द्यायचं, शक्यतो लॅबमध्येच, घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभराच्या आत पोचवायची, फ्रिजमध्ये नाही, आणि थोडं सांडलं असेल तर लाजू नका, तिथे सांगा, कारण त्याने काउंट चुकतो. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे एका मिलीत १६ मिलियन शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, आकार नॉर्मल असलेले ४ टक्के, ही खालची रेघ आहे. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी परत करा, तापातून उठल्यावर तर आकडे पडतातच. काउंट ५ मिलियनच्या खाली असेल तर कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमची तपासणी) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय क्रोमोसोमचा तुकडा गायब आहे का ते बघणं) या जेनेटिक टेस्ट जास्त महत्त्वाच्या, एमटीएचएफआर नाही. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, डॉक्टरांनी हाताने तपासायला हवं. आणि जिमसाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेत असाल तर ते आज सांगून टाका, त्याने शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं.

दुसरं काम रक्ताचं, आणि आपल्यासाठी माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. बी१२ आणि होमोसिस्टीन दोन्ही बघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं होतं, आणि फोलेट कमी असलेले मात्र फक्त ५ टक्के! म्हणजे होमोसिस्टीन वाढलेलं दिसलं तर बोट जीनकडे दाखवायच्या आधी बी१२ बघायला हवं. होमोसिस्टीनचं रक्त उपाशीपोटी द्या आणि ट्यूब बर्फात ठेवणार का हे लॅबवाल्याला विचारा, तशीच बाहेर पडून राहिली तर आकडा खोटा वाढतो.

आता गोळ्या. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर मोठी ट्रायल झाली, २०२० मध्ये छापून आली, त्यात पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड (गोळीतलं बी९) आणि ३० मिलिग्रॅम झिंक दिलं. बाळं जास्त झाली का? नाही, ३४ टक्के, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३५. काउंट, हालचाल काहीच सुधारलं नाही, उलट शुक्राणूंतल्या डीएनएची तुटफूट थोडी वाढलेली दिसली आणि पोटाच्या तक्रारीही. तेव्हा ५ मिलिग्रॅमचा डोस स्वतःच्या मनाने नको. त्यात बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं, हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी तेच बघा. कमतरता निघाली तर डॉक्टर जो डोस देतील तो घ्या, आणि नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणून पुढचं सीमेन ॲनालिसिस त्यानंतरच.

जेवणात मेथी, पालक, चवळी, हरभरा, मसूर, शेंगदाणे येऊ द्या, फक्त भाजी उकळून पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्या पाण्यातच जातं. बी१२ साठी दूध-दही, अंडी, मासे. शुद्ध शाकाहारी असाल आणि दूधही कमी घेत असाल तर गोळीशिवाय भागत नाही.

आणि बायकोची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी या गोंधळात बंद करू नका, ती बाळाच्या मणक्यासाठी आहे, तिचा स्वतःचा एमटीएचएफआर कसाही असला तरी साधं फॉलिक ॲसिड चालतं.