फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलसाठी शांत रस्ता कसा निवडावा

मिशेलिनचा १:२,००,००० प्रमाणाचा छापील नकाशा समोर पसरावा. त्यावर लाल आणि पिवळ्या रंगाचे रस्ते वर्दळीचे असतात, म्हणून गावागावांना जोडणारे बारीक पांढरे रस्तेच निवडावेत, आणि ज्यांच्या कडेला हिरवी रेघ आहे ते निसर्गरम्य समजून आधी पाहावेत. रस्त्याच्या क्रमांकाआधीचे ‘डी’ हे अक्षर केवळ तो जिल्हा प्रशासनाकडे असल्याचे सांगते. काही ‘डी’ रस्ते पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग असून त्यांवर मालमोटारी धावतात, त्यामुळे त्या एका अक्षरावर विसंबू नये.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी बर्गंडीतील जिव्री ते क्लुनी हा सुमारे ४४ किलोमीटरचा मार्ग घ्यावा, असे मला मनापासून वाटते. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ साली तो खुला झाला; रूळ गेले, पण सौम्य चढ तेवढा राहिला, त्यामुळे सामान लादलेली सायकलही द्राक्षमळ्यांच्या कडेने सहज चालते.

गावातील दुकाने दुपारी बहुधा बंद असतात, म्हणून पाव आणि चीज सकाळीच घ्यावे. पाणी संपल्यास गावाचे कब्रस्तान शोधावे. तिथे बहुतेकदा नळ असतो, मात्र ‘ओ नॉं पोताब्ल’ अशी पाटी असल्यास ते पाणी पिऊ नये.