टायरचा पिवळा दिवा: रिसेट दाबण्याआधी गेज लावा

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं पिवळं चिन्ह आणि मध्ये उद्गारचिन्ह दिसलं, की बहुतेकांचं बोट आधी रिसेटच्या बटणाकडे जातं. चारही टायरमध्ये हवा किती आहे हे पाहण्याआधीच दिवा विझवायची घाई.

या घाईचा फटका बसतो तो टायरमध्ये सेन्सर नसलेल्या गाड्यांना. स्क्रीनवर प्रत्येक टायरचा वेगळा आकडा दिसत असेल तर सेन्सर आत आहेत. नुसता दिवा असेल आणि मेनूत रिसेटचा पर्याय असेल, तर बहुधा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतल्या, चाकांचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून अंदाज बांधणारी यंत्रणा आहे. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं, हा फरक ती टिपते. रिसेट दाबणं म्हणजे तिला ‘आत्ताची हवा बरोबर, हीच लक्षात ठेव’ असं सांगणं. टायरमध्ये हवेचा दाब २६ पीएसआय असताना दाबलंत, तर २६ हाच तिचा पाया. मग दिवा लागायला हवा आणखी बरीच उतरावी लागेल. शिवाय चारही टायरची हवा सारखीच उतरली, तर यातल्या बऱ्याच यंत्रणांना पत्ताच लागत नाही. म्हणून आधी हवा भरायची, मग रिसेट, आणि मग थोडे किलोमीटर गाडी चालवायची. उलट क्रम चालत नाही.

दुसरी चूक दर उन्हाळ्यात दिसते आणि ती पहिलीपेक्षा महागात पडते. मे महिन्यात नागपूरहून समृद्धीवर निघालेली गाडी. ड्रायव्हरच्या दाराजवळ कंपनीने लावलेल्या स्टिकरवर ३३, सकाळी नीट भरलेले ३३. दुपारी तापल्या रस्त्यावर शंभर-एकशेवीसने धावून पंपावर गेज लावलं तर ४०. ‘साहेब, हवा फार झालीय, फुटेल’ म्हणत हवा भरणारा ती सोडून ३३ करतो आणि मालक त्याला वर दहा रुपये देतो. रात्री इगतपुरीला मुक्काम. सकाळी गार टायरमध्ये उरतात जेमतेम २७. दिवा लागला तर नशीब म्हणायचं! बऱ्याच गाड्यांत तो हवा २० ते २५ टक्के उतरल्यावरच लागतो, म्हणजे ३३ च्या टायरला साधारण २५-२६ वर. २७ वर दिवा गप्प, मालक निश्चिंत, आणि भरलेली गाडी पुन्हा हायवेला. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि शेवटी तिथेच फाटते. फुटायच्या भीतीने सोडलेली हवाच टायर फोडते.

तापलेल्या टायरमध्ये चार-सात पीएसआय वाढणारच. स्टिकरवरचा आकडा त्या वाढीचा विचार करूनच ठरवलेला असतो आणि तो गार टायरचा असतो: गाडी तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. पारा ५ ते ६ अंश उतरला की साधारण १ पीएसआय कमी होतो. डिसेंबरात नाशिकला पहाटे लागलेला दिवा दुपारी आपोआप विझतो तो यामुळेच. तो विझला तरी हवा भरायचीच आहे.

पंप लांब असेल तर घरीच गार टायर मोजा. स्वतःचं गेज घ्या. पंपावरच्या काट्यांना कितीदा मार बसलाय ते पाहताच आपण. घरी २८ आले आणि हवे असतील ३३, तर पंपावर जो आकडा दिसेल त्यावर ५ वाढवायचे. ही युक्ती कोणी वापरत नाही, कारण त्यासाठी सकाळी पाच मिनिटं वाकावं लागतं.

दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर बिघाड यंत्रणेत आहे. आतल्या सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते. ती सहसा बदलता येत नाही, सेन्सरच नवा घालून गाडीशी जोडून घ्यावा लागतो. बिनसेन्सरची स्टेपनी लावली तरी असंच होतं. पण या काळातही टायरची हवा गेजने तपासाच.

टायरच्या भिंतीवरचा ४४ किंवा ५१ हा कमाल आकडा आहे, तो भरू नका. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. व्हॉल्व्हला पितळी शोभेची टोपी लावू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यावर ती गंजून जाम होते.

पंक्चरवाल्याकडे टायर उतरवायच्या आधीच ‘आत सेन्सर आहे’ असं सांगा. सेन्सर व्हॉल्व्हच्या मुळाशी असतो, म्हणून मशीनचा दाब व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने द्यायला लावा. पंक्चरचं द्रव ओतलं तर सेन्सरचं छिद्र बुजू शकतं. रिम वाकल्यावर ‘ट्यूब टाकून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा: ट्यूब टाकायची तर सेन्सर काढावा लागतो, आणि आतली ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. एकच टायर आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या पिनवर, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे पिनवर आले तर काही रुपयांची पिन बदलून काम भागतं. मात्र धातूच्या व्हॉल्व्हला निकेल मुलाम्याचीच पिन मागा, साधी पितळी आत अडकून बसते.