पहिले पिस्तूल निवडताना: १९११ की पॉलिमर?

अमेरिकेत नेमबाजी शिकू पाहणारे मराठी लोक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: पहिले पिस्तूल पोलादी १९११ घ्यावे की ग्लॉकसारखे पॉलिमरच्या (कणखर प्लास्टिकच्या) सांगाड्याचे? उत्तराआधी कायदा पाहावा लागतो. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक वा काडतुसे बाळगण्यास संघराज्याचा कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना हा त्यातील एक परिचित अपवाद आहे. रेंजवर भाड्याचे पिस्तूल हाताळणेही या मनाईच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. मात्र राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत.

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले १९११ हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ सालीच स्वीकारले आणि १९८५ मध्ये बेरेटा पिस्तुलाची निवड होईपर्यंत ते सैन्याचे मुख्य पिस्तूल राहिले. रिकामे असतानाही त्याचे वजन सुमारे १.१ किलो भरते, आणि मूळ मॅगझिनमध्ये (गोळ्या भरायच्या डबीत) .४५ एसीपी या जातीच्या ७ गोळ्या बसतात. त्याची खरी थोरवी चापात (ट्रिगरमध्ये) आहे. बहुतेक पिस्तुलांचा चाप खिळीभोवती फिरतो, तर याचा सरळ मागे सरकतो. त्याची हालचाल अगदी थोडी असते आणि गोळी कोणत्या क्षणी सुटणार हे बोटाला स्वच्छ कळते. चांगल्या प्रतीच्या १९११ वर एकदा हात बसला की नेमबाज सहसा ते सोडत नाही, आणि त्याचे हे प्रेम मला पूर्णपणे समजते.

पण हे पिस्तूल शिकणाऱ्याकडून बरेच काही मागते. मागचा घोडा (हॅमर) ताणून सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, लावलेल्या अवस्थेत ते वागवायचे असेल, तर नेम धरताना अंगठ्याने सेफ्टी खाली करणे आणि काम संपताच ती परत लावणे हातात इतके भिनले पाहिजे की दडपणाखालीही त्यात चूक होऊ नये. मूळ रचनेत ही सेफ्टी फक्त डाव्या बाजूला असल्याने डावखुऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी चालणारी सेफ्टी बसवलेले पिस्तूल शोधावे लागते. खोलून साफ करताना नळीच्या तोंडाकडील दाबलेली स्प्रिंग सांभाळावी लागते. तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

गॅस्टन ग्लॉक यांचे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी घेतले. ग्लॉक १७ मध्ये ९ मिमीच्या १७ गोळ्या मावतात, आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन १९११ च्या निम्म्याहून थोडेच अधिक असते. अंगठ्याने चालवायची सेफ्टी त्याला नाही. चापावरील छोटी पट्टी, फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) अडवणारी योजना आणि पिस्तूल पडल्यास गोळी सुटू न देणारी रचना, या तिन्ही गोष्टी चाप दाबताना आपोआप मोकळ्या होतात. म्हणून इथे सगळी भिस्त बोटाच्या शिस्तीवर आणि चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरवर (पिस्तुलाच्या म्यानावर) असते. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नवशिक्याला बजावतो: ग्लॉक खोलण्यापूर्वी चाप दाबावा लागतो, तेव्हा मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, नळी सुरक्षित दिशेला असल्याची खात्री केल्याखेरीज चापाला हात लावू नये.

हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला अधिक जाणवतो हे खरे, पण ९ मिमीचा मूळ धक्काच .४५ पेक्षा सौम्य असतो आणि त्याची काडतुसे बरीच स्वस्त मिळतात. नवशिक्याचा नेम सुधारतो तो देखरेखीखाली झाडलेल्या गोळ्यांनी, आणि त्याच अंदाजपत्रकात ९ मिमीच्या अधिक गोळ्या बसतात. म्हणून बहुतेकांना मी आधी पॉलिमरचे ९ मिमी पिस्तूल सुचवतो. ज्याचे मन १९११ वरच जडले आहे, त्याने ९ मिमीतली आवृत्ती पाहावी. जड पोलादामुळे तिचा धक्का फारच सौम्य लागतो. स्पर्धेची ओढ असेल तर यूएसपीएसए या अमेरिकेतील नेमबाजी स्पर्धांच्या संघटनेत १९११ साठी सिंगल स्टॅक हा स्वतंत्र विभाग आहे.

खरेदीआधी दोन्ही पिस्तुले प्रशिक्षकासमोर एकाच अंतरावरून चालवून पाहावीत. मूठ न सरकवता चापापर्यंत बोट पोहोचते का आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढता येते का, हे तपासावे. हात लहान असतील तर ग्लॉक १७ ची जाड मूठ अवघड वाटते आणि १९११ ची सडपातळ मूठ नीट बसते. अशा वेळी माझी शिफारस बदलते.